ऑब्जेक्ट : आधी सीमा, मग वारसा

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगचा जन्म ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये झाला, आणि तो रांगांच्या हिशेबातून झाला. क्रिस्टन निगार्ड हे ऑपरेशन्स रिसर्चमधले आणि उले-योहान डाल हे प्रोग्रॅमिंगमधले. कारखान्यातून सरकणारा माल, बंदरात थांबलेली जहाजे, खिडकीपुढची माणसे अशा व्यवस्थांचे सिम्युलेशन संगणकावर करता यावे यासाठी दोघांनी 1960 च्या दशकात सिम्युला ही भाषा घडवली. तिचा पाया अल्गोल 60 होता. अल्गोलमध्ये एखाद्या ब्लॉकचे काम संपले की त्यातली माहितीही नाहीशी होई. जहाज मात्र धक्क्याला लागून माल उतरवेपर्यंत जिवंत राहायला हवे, स्वतःची माहिती आणि स्वतःचे वागणे सांभाळत. ब्लॉकने आपल्या कर्त्यापेक्षा जास्त जगावे, या एका गरजेतून ऑब्जेक्ट आला.

इन्हेरिटन्सची कथाही तितकीच जमिनीवरची आहे. पुलावरच्या टोलनाक्यापुढे ट्रक, बस आणि खासगी गाड्यांची रांग लागते. रांगेत उभे राहायचे तर प्रत्येक वाहनाला आपल्या पुढचे कोण आणि मागचे कोण एवढे ठाऊक असावे लागते, मग ते वाहन कोणत्याही जातीचे असो. ट्रकचे वजन किंवा बसमधले प्रवासी ही पुढची बाब. डाल आणि निगार्ड यांनी या सामाईक थराला वेगळे काढले आणि तो प्रत्येक वाहनाच्या आधी जोडण्याची सोय भाषेत केली. 1967 च्या मे महिन्यात ऑस्लोजवळ लिसेबू येथे भरलेल्या परिषदेत त्यांनी क्लास आणि सबक्लास यांची मांडणी केली, आणि सिम्युला 67 उभी राहिली. आज जगभर शिकवल्या जाणाऱ्या क्लास, ऑब्जेक्ट, सबक्लास आणि व्हर्च्युअल प्रोसीजर या चारही कल्पना तिच्यात होत्या. या कामाबद्दल दोघांना 2001 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

टोलनाक्याच्या उदाहरणात एक गाठ दडलेली आहे आणि पुढच्या पन्नास वर्षांचे बरेचसे वाद तिच्यातून निघाले. इन्हेरिटन्सने तिथे दोन कामे एकदम केली. रांगेत जोडण्याचा कोड एकदाच लिहून तिघांना पुरवला, ही झाली कोडची बचत. शिवाय, जिथे वाहन अपेक्षित आहे तिथे ट्रक चालेल अशी हमीही दिली. बचत ही लिहिणाऱ्याची सोय असते, तर हमी हे वापरणाऱ्याला दिलेले वचन असते. या दोन गोष्टी एकाच यंत्रणेत बसवल्या गेल्या, आणि त्या नेहमी एकत्र नांदतील असे गृहीत धरले गेले. त्या तशा नांदत नाहीत. तरीही महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत सी प्लस प्लस किंवा जावा शिकवताना या विषयाचे चार खांब पाठ करून घेतले जातात, आणि फळ्यावर सर्वांत जास्त जागा इन्हेरिटन्सचा वृक्ष खातो. प्राणी, कुत्रा, मांजर. हा क्रम बदलायला हवा. विषयाचा गाभा सीमेत आणि मेसेजमध्ये आहे. वारसा त्यानंतर येतो.

सीमा म्हणजे एन्कॅप्स्युलेशन. मूळ सिम्युला 67 मध्ये ती नव्हती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ऑब्जेक्टच्या आतली माहिती बाहेरून डॉट लावून वाचता येई आणि बदलताही येई. लपवण्याची सोय तिच्यात नंतर आली. सीमेचा विचार पक्का केला तो डेव्हिड पार्नास यांच्या 1972 च्या निबंधाने. शब्दसूची तयार करणारा एक छोटा प्रोग्रॅम त्यांनी दोन प्रकारे तोडून दाखवला. पहिली तोडणी कामाच्या क्रमाने होती : ओळी वाचणे, फिरवणे, वर्णानुक्रमे लावणे, छापणे. दुसऱ्या तोडणीत प्रत्येक भागाकडे एकेक निर्णय सोपवला होता, असा निर्णय जो उद्या बदलू शकतो. ओळी स्मृतीत कशा साठवायच्या हे बदलले, तर पहिल्या रचनेत जवळपास सगळे भाग उघडावे लागतात, दुसरीत एकच. लपवायचा तो बदलता निर्णय. माहिती लपते ती त्याच्या ओघात. बार्बरा लिस्कोव्ह यांनी एमआयटीमध्ये 1970 च्या दशकात घडवलेल्या क्लू या भाषेत हा विचार थेट व्याकरणात आला. क्लस्टरच्या आतली मांडणी फक्त आतल्याच कोडला दिसे. क्लूमध्ये इन्हेरिटन्स नव्हता, तरी तिच्यात मोठे प्रोग्रॅम लिहिले गेले.

वर्गात हा मुद्दा बहुधा हरवतो. विद्यार्थी सगळी फील्ड्स प्रायव्हेट करतो आणि लगेच प्रत्येकाला एक गेटर आणि एक सेटर जोडतो. एसटीच्या आरक्षणाचे उदाहरण घेतले तर, बसच्या ऑब्जेक्टला ‘उरलेल्या जागा इतक्या कर’ असा सेटर दिला की सीमा कागदावरच राहते. शिल्लक शून्याखाली जाऊ नये, एकच जागा दोघांना जाऊ नये, हे नियम मग प्रत्येक खिडकीवरच्या कोडला वेगळे पाळावे लागतात आणि कुठेतरी एक जण विसरतो. त्याऐवजी ‘तीन जागा राख’ असे सांगितले आणि जमेल की नाही हे बसने ठरवले, तर नियम एका ठिकाणी राहतो. प्रायव्हेट हा शब्द लिहिल्याने सीमा तयार होत नाही. ऑब्जेक्टकडे निर्णय असला तरच होते.

ऑब्जेक्टला काम सांगायचे, कसे करायचे ते त्याच्यावर सोडायचे, ही कल्पना टोकाला नेली स्मॉलटॉकने. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेत ॲलन के यांच्या गटाने 1972 पासून ती घडवली. डॅन इंगल्स यांनी ती प्रत्यक्ष चालती केली, तर ॲडेल गोल्डबर्ग यांनी ती शिकवण्याजोगी आणि जगापुढे मांडण्याजोगी केली. स्मॉलटॉकमध्ये तीन अधिक चार म्हणजे तीन या ऑब्जेक्टला पाठवलेला मेसेज : चार मिळव. त्याहून देखणी गोष्ट म्हणजे या भाषेत ‘जर-तर’ हे स्वतंत्र वाक्य नाहीच. ट्रू आणि फॉल्स हे दोन ऑब्जेक्ट आहेत. दोघांना एकच मेसेज जातो आणि त्याच्यासोबत कोडचे दोन तुकडे जातात. ट्रू पहिला तुकडा चालवतो, फॉल्स दुसरा. निर्णय घेणारे वेगळे यंत्र कुठेच लागत नाही. मेसेज कोणाला मिळाला यातच निर्णय होऊन जातो. पॉलिमॉर्फिझमची यापेक्षा स्वच्छ व्याख्या सापडणे कठीण आहे. विषयाचा गाभा मेसेजमध्ये आहे, हे के पुढेही आवर्जून सांगत राहिले.

मेसेज कोणत्या मेथडने हाताळायचा हे प्रोग्रॅम चालताना ठरते, आणि त्याची किंमत असते. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी केंब्रिजमध्ये संशोधनासाठी सिम्युला वापरली होती. मांडणी सुंदर, पण वेग पुरेना. 1979 मध्ये बेल लॅब्समध्ये त्यांनी सी भाषेत क्लास आणायला सुरुवात केली, आणि 1983 मध्ये तिला सी प्लस प्लस हे नाव मिळाले. तिचे तत्त्व असे की जे वापरले नाही त्याचा भुर्दंड पडू नये. म्हणून तिच्यात मेथड मुळात स्थिर असते. ती सबक्लासमध्ये बदलता यावी असे वाटले तर व्हर्च्युअल लिहावे लागते. अशा क्लासच्या ऑब्जेक्टमध्ये बहुतेक कंपायलर एक छुपा पॉइंटर ठेवतात, तो मेथडच्या पत्त्यांच्या तक्त्याकडे नेतो, आणि कॉल त्या तक्त्यातून होतो. एकदोन जादा उड्या, एवढाच खर्च. 1995 मध्ये सन कंपनीने जाहीर केलेल्या जावाने उलटा कौल दिला : साधारण मेथड सबक्लासला बदलता येतेच, नको असेल तर फायनल लिहावे. हा फरक किरकोळ दिसतो, पण पुढचा त्रास नेमका इथून सुरू झाला.

जावाच्या स्वतःच्या ग्रंथालयात स्टॅक नावाचा क्लास आहे आणि तो व्हेक्टर या क्लासचा वारस आहे. स्टॅकचा नियम एकच : शेवटी ठेवलेले आधी निघते. व्हेक्टरमध्ये मात्र कुठल्याही क्रमांकावर घालता येते, कुठूनही काढता येते. साठवणुकीचा कोड फुकट मिळावा म्हणून वारसा घेतला, आणि त्याबरोबर व्हेक्टरची सगळी दारे स्टॅकला लागली. जावाच्या स्टॅकच्या तळाशी नवी वस्तू सरकवता येते आणि कंपायलर काही बोलत नाही. ही चूक पहिल्या आवृत्तीतली आहे. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून ती आजही जशीच्या तशी आहे, आणि दस्तऐवजात त्याऐवजी डेक वापरण्याची शिफारस आहे. इथे बचत झाली आणि वचन मोडले. स्टॅकच्या पोटात एक व्हेक्टर ठेवून फक्त हव्या त्या मेथड उघड्या ठेवल्या असत्या, तर दोन्ही साधले असते. 1994 मध्ये गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडिस यांनी डिझाइन पॅटर्न्स या ग्रंथात वारशापेक्षा अशा जोडणीला पसंती द्यावी असे सांगितले.

दुसरी अडचण अधिक छुपी आहे. यादीत किती वस्तू घातल्या गेल्या हे मोजणारा सबक्लास लिहायचा आहे असे समजू. एक वस्तू घालणारी आणि अनेक वस्तू घालणारी, अशा दोन्ही मेथड त्यात बदलल्या आणि दोन्हींत मोजणी वाढवली. मूळ क्लासमधली ‘अनेक घाल’ ही मेथड आतून ‘एक घाल’ हीच मेथड पुन्हापुन्हा बोलावत असेल, तर तीन वस्तूंची मोजणी सहा येते. सबक्लास लिहिणाऱ्याने मूळ क्लासच्या आत डोकावल्याशिवाय हे कळत नाही, आणि डोकावून लिहिले तर मूळ क्लास उद्या बदलताच मोजणी पुन्हा बिघडते. इन्हेरिटन्स एन्कॅप्स्युलेशनला असे आतून पोखरतो. जोशुआ ब्लॉक यांनी 2001 च्या इफेक्टिव्ह जावा या पुस्तकात याच जातीचे उदाहरण देऊन बजावले, की वारशासाठी क्लासची मुद्दाम आखणी करावी आणि ती लिहून ठेवावी, नाहीतर वारसा बंद करावा. सी शार्पने व्हर्च्युअल आणि ओव्हरराइड हे दोन्ही शब्द सक्तीचे केले. कोटलिनमध्ये तर क्लास मुळातच फायनल असतो.

वचन म्हणजे नेमके काय, हे लिस्कोव्ह यांनी 1987 मध्ये सांगितले आणि 1994 मध्ये जेनेट विंग यांच्यासह गणिती काटेकोरपणे मांडले : मूळ टाइपबद्दल जे सिद्ध करता येते ते उपटाइपबद्दलही खरे राहिले पाहिजे. मेथडची नावे जुळली एवढ्याने भागत नाही, वागणे जुळावे लागते. बर्ट्रांड मायर यांच्या आयफेल भाषेत ही अट कोडमध्येच लिहिता येते. मेथड काय मागते आणि काय देते याचा करार असतो. वारसाला आपली मागणी सैल करता येते, कडक करता येत नाही, आणि देणे वाढवता येते, कमी करता येत नाही. ही रचना मुख्य प्रवाहात रुजली नाही, याचे वाईट वाटते.

कंपायलर मात्र वागणे तपासू शकत नाही. तो टाइप तपासतो, आणि तिथेही भाषा बांधणारे कधी कधी तडजोड करतात. जावात स्ट्रिंगचा ॲरे हा ऑब्जेक्टच्या ॲरेचा उपटाइप मानला आहे. स्ट्रिंगचा ॲरे ऑब्जेक्टचा ॲरे म्हणून पुढे दिला, तर घेणारा त्यात पूर्णांक ठेवू पाहतो. कंपायलर मान्यता देतो, आणि प्रोग्रॅम चालताना ॲरे-स्टोअर-एक्सेप्शन येऊन थांबतो. वाचण्यापुरती ही सूट निर्धोक होती, लिहिताना ती खोटी ठरते. 2004 पर्यंत जावात जेनेरिक्स, म्हणजे टाइपच पॅरामीटर म्हणून देण्याची सोय, नव्हती. कोणत्याही ॲरेवर चालणारी एकच मेथड लिहिता यावी म्हणून ही सूट ठेवली गेली. तिच्यापायी अशा ॲरेत ऑब्जेक्ट ठेवताना चालू प्रोग्रॅममध्ये टाइपची तपासणी करावी लागते. जेनेरिक्सच्या याद्यांना ही सूट दिली नाही, हे योग्यच झाले.

नलचा प्रश्नही याच कुळातला. टोनी होर यांनी 1965 मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेत नल संदर्भ आणला, कारण तो आणणे सोपे होते, आणि 2009 मध्ये त्यांनीच त्याला अब्ज डॉलरची चूक म्हटले. स्ट्रिंग म्हणवणारे मूल्य स्ट्रिंगचे सगळे मेसेज ऐकेल हे वचन असते. नल त्यातला एकही ऐकत नाही, तरी टाइप तपासणीतून बिनदिक्कत पुढे जातो. कोटलिन आणि स्विफ्टमध्ये रिकामे असू शकणारे मूल्य वेगळ्या टाइपचे मानतात, आणि ते आधी तपासल्याशिवाय मेसेज पाठवता येत नाही.

2009 मध्ये गूगलने जाहीर केलेल्या गो भाषेत क्लासचा वारसा नाही. 2015 मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या रस्टमध्येही नाही. गोमध्ये इंटरफेसने मागितलेल्या मेथड टाइपकडे असल्या की पुरे, नाते जाहीर करावे लागत नाही. रस्टमध्ये ट्रेटची, म्हणजे तिथल्या इंटरफेससारख्या रचनेची, अंमलबजावणी स्पष्टपणे लिहावी लागते. दोन्हीकडे वचन राहिले आणि कोडची बचत वेगळ्या वाटेने झाली. डाल आणि निगार्ड यांनी एकत्र बांधलेल्या दोन गोष्टी इथे सुट्या झाल्या.

ऑब्जेक्टची सीमा कुठे अडते, हेही सांगायला हवे. कंपायलर लिहिताना संख्या, बेरीज, गुणाकार अशा गाठींचे झाड तयार होते, आणि त्यावर किंमत काढणे, छापणे, टाइप तपासणे अशा क्रिया चालवायच्या असतात. प्रत्येक गाठ हा ऑब्जेक्ट केला तर वजाबाकीची नवी गाठ एका नव्या क्लासमध्ये सामावते, पण नवी क्रिया हवी असेल तर प्रत्येक क्लास उघडावा लागतो. एमएलसारख्या भाषांत नेमके उलट घडते : नवी क्रिया म्हणजे एक नवे फंक्शन, पण नवी गाठ आली की सगळी फंक्शने दुरुस्त करावी लागतात. फिलिप वॉडलर यांनी 1998 मध्ये याला एक्स्प्रेशन प्रॉब्लेम हे नाव दिले. दोन्ही दिशा मोकळ्या ठेवणाऱ्या रचना आहेत, पण त्या अवजड पडतात. बहुतेक भाषा दोन्ही अवजारे देऊन निवड प्रोग्रॅमरवर सोडतात. जावानेही अखेर तेच केले. 2021 च्या जावा 17 मध्ये सील्ड क्लास आले, म्हणजे कोणाकोणाला वारस होता येईल हे मूळ क्लासच ठरवतो. 2023 च्या जावा 21 मध्ये स्विचमध्ये टाइपनुसार पॅटर्न लिहिता येऊ लागले, आणि एखादा वारस हाताळायचा राहिला तर कंपायलर प्रोग्रॅम पुढे जाऊ देत नाही.