नागरिकत्व कशावर ठरते: रक्तावर की वचनावर?



महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले, हे आपल्याला ठाऊक आहे. पण मुक्त झालेल्यांच्या नातवंडा-पतवंडांचे पुढे काय झाले? आज मी त्यांतल्या एका लहान गटाविषयी बोलणार आहे. त्यांच्या पूर्वजांचे मालक गोरे नव्हते, चेरोकी आदिवासी होते.

चेरोकी स्वतः अन्यायाचे बळी. १८३८-३९ मध्ये अमेरिकी सरकारने सैन्य लावून त्यांना त्यांच्या भूमीतून हुसकावले आणि आजच्या ओक्लाहोमात नेले. त्यात सुमारे ४ हजार माणसे दगावली, असे मानले जाते. त्याच वाटेने चेरोकींचे काळे गुलामही गेले. त्यांचे दुःख मात्र फारसे सांगितले जात नाही.

यादवी युद्धानंतर १८६६ साली चेरोकी राष्ट्राने अमेरिकी सरकारशी करार केला. त्याच्या नवव्या कलमाने मुक्त गुलामांना आणि त्यांच्या वंशजांना मूळ चेरोकींचे सर्व अधिकार दिले. पुढे सरकारच्या डॉज आयोगाने याद्या केल्या. ‘रक्ताचे’ चेरोकी एका यादीत, मुक्त गुलाम दुसऱ्या यादीत. आई किंवा बाप चेरोकी असलेल्या अनेकांची नावेही कातडीचा रंग पाहून दुसऱ्या यादीत गेली. त्या यादीत चेरोकी रक्ताची नोंदच नव्हती.

त्या नोंदीची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. १९८३ च्या निवडणुकीत मत द्यायला गेलेल्यांना रक्ताचा दाखला नाही म्हणून परत पाठवले गेले. २००६ साली चेरोकींच्याच न्यायालयाने त्यांचे नागरिकत्व मान्य केले. लगेच २००७ मध्ये जनमत घेण्यात आले. सुमारे ७७ टक्के मतदारांनी त्यांना वगळण्याच्या बाजूने कौल दिला. सुमारे २,८०० नागरिकांच्या डोक्यावर टांगती तलवार आली.

खरे सांगतो, सुरुवातीला मला चेरोकी नेत्यांची बाजू पटत होती. ते म्हणत, आमचा माणूस कोण हे आम्ही ठरवणार, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. ज्यांचे सगळे लुटले गेले, त्यांच्या हातात एवढा तरी अधिकार नको का? पण करार वाचल्यावर माझे मत बदलले. चेरोकी राष्ट्र आपले हक्क अमेरिकेकडे मागते तेही करारांच्याच आधारे. मग कराराची आपल्याला गैरसोयीची कलमे बहुमताने कशी पुसता येतील? आणि ज्यांच्या हक्काचा प्रश्न आहे ते संख्येने मूठभर असतील, तर मतपेटी त्यांना न्याय कुठून देणार?

२०१७ साली फेडरल न्यायाधीश थॉमस होगन यांनी हेच मांडले. नागरिक कोण, हे चेरोकींनी जरूर ठरवावे, पण मूळ चेरोकी आणि मुक्त गुलामांचे वंशज यांना एकच माप लावावे. चेरोकी राष्ट्राने या निकालावर अपील केले नाही. २०२१ मध्ये त्यांच्याच सर्वोच्च न्यायालयाने संविधानातून ‘रक्ताने’ हे शब्द काढून टाकले. त्याच वर्षी, या हक्कासाठी अनेक वर्षे लढलेल्या मॅरिलिन व्हॅन यांची चेरोकी शासनाच्या एका आयोगावर नेमणूक झाली.

समाजाची स्वायत्तता जपलीच पाहिजे, असे मला आजही वाटते. फक्त ती मागताना आपल्याच घरातल्या कोणाला आपण दाराबाहेर उभे केले आहे, हे आधी पाहावे. चेरोकींनी ते उशिरा पाहिले, पण पाहिले.