कागदावरचा कठडा



दांडेलीहून कुळगीला येताना काळी व्याघ्र प्रकल्पाचे रान रस्त्याला खेटून चालते. फांद्यांआड पाट्या झाकल्या जातात, अंधार पडला की जनावर अचानक समोर येते. जोयड्याहून अणशी घाटाने कारवारकडे उतरणारा रस्ता तर पावसाळ्यात भल्या भल्या चालकांचा कस पाहतो. रस्त्यांच्या सुरक्षेवर बोलायला याहून योग्य जागा कोणती?

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. वेगाची चर्चा झाली, मागच्या सीटवरच्या पट्ट्याचीही झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. मात्र तपास पथकाने पुलाच्या रचनेवरही बोट ठेवले. कठड्याची भिंत साइडपट्टीत पुढे आलेली होती. अशी भिंत आधी कागदावर उभी राहते, आणि तिथे ती खोडायला रबर पुरते.

रोड सेफ्टी ऑडिट म्हणजे नेमके हेच काम. ब्रिटनने १९९१मध्ये मुख्य महामार्गांसाठी ते सक्तीचे केले. इंडियन रोड्स काँग्रेसची नियमपुस्तिका २०१०मध्ये आली, २०१९मध्ये सुधारली. तिचा कणा एकच: ज्याने आराखडा काढला, त्याने तो तपासायचा नाही. बाहेरचे पथक आराखडा पाहते, दिवसा आणि रात्री जागेवर जाते. पायी चालणारी शाळकरी मुलगी, सायकलस्वार, पावसातला बसचालक यांना काय दिसेल ते विचारते.

२०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८अ नुसार सदोष रचनेमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास कंत्राटदार, सल्लागार वा संबंधित यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एका जिवापुढे ही रक्कम फारच तोकडी आहे. शिवाय तो दंड अपघातानंतरचा.

रानातल्या रस्त्यावर वाटसरू माणूसच असतो असे नाही. महाराष्ट्रात पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४वर प्राण्यांसाठी नऊ मार्ग ठेवले, आणि त्यांतून वाघ गेल्याची छायाचित्रे कॅमेऱ्यांनी टिपली.

रस्त्यांच्या सुरक्षेवरील या परिषदेला आम्हा स्वागत समितीची एकच विनंती आहे. जोयडा तालुक्यातील कोणत्याही रस्त्याचे रुंदीकरण मंजूर होण्यापूर्वी त्याचा ऑडिट अहवाल कन्नड आणि मराठीत ग्रामपंचायतीत ठेवावा, आणि आराखडाकाराने कोणती सूचना नाकारली, का नाकारली, हेही त्यात लिहिलेले असावे. तसा ठराव आजच्या सत्रात मांडला जाईल.