एका ढगाच्या तीन वाटा



शाळेत जलचक्राचं चित्र आपण सगळ्यांनीच काढलं आहे. समुद्र, वर जाणारे बाण, ढग, डोंगर आणि पुन्हा समुद्राला मिळणारी नदी. चित्र बरोबरच आहे. फक्त कोणत्या टप्प्याला किती वेळ लागतो, हे त्यात दिसत नाही. आज बोलायचं आहे ते त्याबद्दल.

आपला पाऊस येतो अरबी समुद्राकडून. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण 580 कॅलरी उष्णता लागते आणि ती वाफेतच दडून राहते. वारा सह्याद्रीला अडतो, वर चढतो, हवा फुगते आणि गार होते. तरीही वाफेला थेंब धरायला काहीतरी आधार लागतो. समुद्राच्या तुषारांतून उडालेला मिठाचा कण, नाहीतर धुळीचा कण तो आधार देतो. थेंब धरला की दडलेली उष्णता सुटते आणि ढगाला आणखी वर नेते. ढगातले असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र आले, तर पावसाचा एक टपोरा थेंब होतो. वाफेचा हवेतला मुक्काम सरासरी आठ-दहा दिवसांचा. इथवर आपल्या हातात काही नाही.

महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस; घाट उतरून वाईत या, तो हजाराच्याही आत. घाटमाथा ओलांडलेली हवा खाली येताना तापते आणि ढग विरतात.

आता महाबळेश्वरी पडलेल्या पाण्याच्या वाटा बघा. कृष्णेत पडलेलं पाणी सुमारे 1,400 किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळतं. म्हणजे आलं एका समुद्रातून, गेलं दुसऱ्यात! शेजारीच उगम पावणाऱ्या कोयनेचं बरंचसं पाणी बोगद्यांतून कोकणात उतरतं, वीज देऊन वाशिष्ठीतून अरबी समुद्रात परततं.

तिसरी वाट जमिनीखालची. आपला काळा पाषाण स्वतः फारसं पाणी धरत नाही. धरतो तो वरचा मुरूम आणि खडकातल्या भेगा. वैशाखात विहिरीच्या पोटाला जो पाझर दिसतो, तो गेल्या पावसाळ्याचा. खोल बोअरचं पाणी कित्येकदा त्याहून बरंच जुनं असतं. ते उपसायला एक दुपार पुरते, भरायला अनेक पावसाळे जातात.

सलग समतल चर, बांध, झाडोरा यांतून पाणी जास्तीचं तयार होत नाही. ती त्याला उशीर करण्याची साधनं आहेत. आणि वरच्या गावानं अडवलं की खालच्या गावाचा हिशेब बदलतो, म्हणून हे काम एका शिवाराचं नव्हे, सगळ्या पाणलोटाचं आहे.

तेव्हा यंदा पाऊस किती पडला, एवढंच विचारून भागणार नाही. तो आपल्या शिवारात किती महिने टिकला, हेही ग्रामसभेत विचारा. उत्तर विहिरीच्या पातळीवर मोजता येतं.