यंत्र ट्रॉलीत चढलं, आता बांधायचं कसं?

भातलावणी जवळ आली, की आमच्या गटाचा पॉवर टिलर या वाडीतून त्या वाडीला भाड्यानं जातो. चार-पाचशे किलोचं यंत्र ते. ट्रॉलीत चढलं, की ड्रायव्हर म्हणतो, "एवढं जड आहे, जातंय कुठं?" हे ऐकून गप्प बसू नका. ब्रेक लागला की जड वस्तू पुढं धावते, वळणावर बाजूला जाते, खड्ड्यात उसळते. आणि जड असल्यामुळंच ती माणसाला आवरत नाही. म्हणून आमच्या गटाचा नियम आहे: बांधल्याशिवाय ट्रॉली हलायची नाही.

आधी जागा बघा. दोन चाकांच्या ट्रॉलीत यंत्राचं वजन चाकांच्या आसापेक्षा थोडं पुढं असावं. फार मागं गेलं तर ट्रॉलीचा दांडा वर उचलतो. फार पुढं गेलं तर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं, स्टेअरिंग ऐकत नाही.

ट्रॉलीतला चिखल, पेंढा, सांडलेलं तेल पुसून घ्या, नाहीतर यंत्र घसरतं. यंत्र गिअरमध्ये ठेवा, डिझेलचा कॉक बंद करा. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. गोल दगड नको, तो निसटतो.

आता बांधणं. मधून एकच दोर टाकून भागत नाही. चार कोपऱ्यांना चार वेगळे बंध हवेत, म्हणजे एक सुटला तरी तीन धरतात. दोन पुढं ओढणारे, दोन मागं ओढणारे. बंध यंत्राच्या लोखंडी सांगाड्याला घाला. हँडल, पत्रा, बेल्टचं कव्हर यांना कधीच नको, ते वाकतात. दुसरं टोक ट्रॉलीच्या मजबूत कड्याला अडकवा, फाळक्याला नाही.

नायलॉनचा दोर ताणला जातो, गाठ ढिली पडते. साखळी किंवा खटक्याचा पट्टा घ्या. पट्ट्यावर किती किलो भार झेपतो ते छापलेलं असतं, ते वाचा. चारही पट्टे मिळून यंत्राच्या वजनापेक्षा जास्त झेपायला हवेत. लोखंडाच्या धारेवर पट्टा घासत असेल तर मध्ये गोणपाटाची घडी घाला. उसवलेला पट्टा वापरू नका.

दोन-तीन किलोमीटरवर थांबून चारही बंध हातानं ओढून बघा. सुरुवातीच्या धक्क्यांनी ते सैल होतातच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. यंत्र पोचवताना आपल्यातल्याच दोघी-तिघी ट्रॉलीत यंत्राला टेकून बसतात, "धरून ठेवतो" म्हणून. चारशे किलो कुणाच्या हातानं धरलं जात नाही. यंत्राबरोबर ट्रॉलीत कुणीही बसायचं नाही, लेकरू तर नाहीच. मागून चालत या, नाहीतर एसटीनं या. उशीर झाला तर एका दिवसाचं भाडं बुडेल. ते पुढच्या आठवड्यात भरून निघतं.