सुटला, पण गोळ्या सुटल्या

सायवनला आमच्या अब्बांचं लहानसं किराणा दुकान होतं. पावसाळा सरला की पाड्यांवरची माणसं वीटभट्ट्यांवर, बोटींवर कामाला निघत. पावसाच्या तोंडावर परतत, आणि काहीजण सोबत खोकला घेऊन येत.

काही वर्षांपूर्वी एका तुरुंगात कविता वाचायला गेलो होतो. दाराजवळ, तोंडाला फडकं बांधलेला एक तरुण वेगळा बसवला होता. चौकशी केली, तर आमच्याच डहाणूकडचा निघाला. कच्चा कैदी. नेहमीच्या औषधांना दाद न देणारा क्षय झालेला. तेव्हा हा उपचार दीड-दोन वर्षं चाले. त्याचा निम्माही झाला नव्हता. "चाचा, जामीन कधी होईल?" एवढंच त्यानं विचारलं.

जामीन झाला. दोन महिन्यांनी पाड्यावर भेटला, तेव्हा गोळ्या बंद होत्या. त्याच्या गावच्या दवाखान्याला कुणी कळवलंच नव्हतं. तो म्हणाला, "मी सुटलो, गोळ्यापण सुटल्या."

आयसोनायझिड आणि रिफाम्पिसिन ही क्षयावरची दोन मुख्य औषधं. उपचार अर्धवट सुटला की दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात आणि तेच वाढतात. गच्च भरलेल्या, कोंदट बराकीत ते एकाच्या श्वासातून दुसऱ्याच्या छातीत जातात. पहारेकरी आणि भेटीला आलेले नातेवाईकही त्यातून सुटत नाहीत. २०२२च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे आहेत. ते कधी सुटतील, हे डॉक्टरला कसं कळावं?

उपाय नाहीत असं नाही. जीनएक्स्पर्ट चाचणी रिफाम्पिसिन चालेल की नाही, हे सुमारे दोन तासांत सांगते. बेडाक्विलिनसह चार औषधांच्या, सहा महिन्यांच्या उपचाराला आपल्या सरकारनं २०२४मध्ये मान्यता दिली. 'निक्षय' नोंदणीतून रुग्ण त्याच्या गावच्या केंद्राकडे सोपवता येतो. सैबेरियातल्या तोम्स्क भागात २०००पासून तुरुंगातले आणि बाहेरचे उपचार असेच जोडले गेले.

त्या मुलाचे उपचार पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागले. त्याची आई मला म्हणाली, "कोर्टाच्या कागदाबरोबर दवाखान्याचा एक कागद दिला असता, तर काय बिघडलं असतं?"

मी कवी माणूस, कायद्यातलं फारसं कळत नाही. पण त्या माउलीचा प्रश्न मला रास्त वाटतो. जामिनाच्या कागदाला दवाखान्याचा कागद जोडलेला असावा, इतकंच मागणं आहे.