जुने पाकीट फेकू नका



घरी पत्र येते. आपण पाकीट फोडतो. पत्र वाचतो आणि तारेला टोचून ठेवतो. पाकीट मात्र चुलीत जाते. आज आम्ही त्या पाकिटाबद्दल चार शब्द सांगणार आहोत.

पत्रात माणसाची हकिगत असते. पाकिटावर पत्राच्या प्रवासाची हकिगत असते. काही लोक जुनी पाकिटे गोळा करतात. पाकीट कोठून निघाले, कोणत्या वाटेने गेले, कधी पोचले, याचा ते माग काढतात. हा रिकामटेकड्यांचा खेळ नव्हे. ज्याला अक्षर आणि आकडा वाचता येतो, त्याला हे काम जमते. म्हणजे आता ते तुम्हांलाही जमेल.

प्रथम पाकिटाची पुढची बाजू पाहा. तिकिटावर काळा शिक्का असतो. त्यात गावाचे नाव आणि तारीख असते. तेथून पत्र निघाले. आता पाकीट उलटे करा. मागे बहुधा दुसरा शिक्का सापडतो. तो पत्र पोचले त्या टपाल कचेरीचा. दोन तारखांमधले अंतर मोजा. पत्राला किती दिवस लागले ते कळेल. माणूस गाव सोडून गेला असेल, तर पत्र त्याच्यामागे फिरते. मग शिक्केही वाढतात.

शिक्का पुसट असला तर? तिकीट वाचा. तिकिटावर आण्यांची किंमत असेल, तर ते १९५७ च्या आधीचे. 'नये पैसे' लिहिले असेल, तर ते १९५७ पासून पुढच्या काही वर्षांतले. पत्त्यात सहा आकडी पिन असेल, तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. ही पिनची योजना आखली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. ते आपले मराठी गृहस्थ आणि संस्कृतचे पंडित. आपल्या महाराष्ट्राचा पिन ४ या आकड्याने सुरू होतो.

आता थोडे मागे जाऊ. पूर्वी टपालाचे भाडे अंतरावर असे. गाव जितके लांब, तितके भाडे जास्त. १८३७ च्या कायद्याप्रमाणे कलकत्त्याहून मुंबईला एक तोळा वजनाचे पत्र पाठवायला एक रुपया पडे. गरिबाने पत्र पाठवावे कसे? मग १८५४ साली सबंध हिंदुस्थानासाठी तिकिटे निघाली. गाव कितीही लांब असो, पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा पुरू लागला. तोळाभर पत्राला दोन आणे. कोठे सोळा आणे आणि कोठे दोन आणे! तिकीट न लावता पत्र टाकले, तर घेणाऱ्याला दुप्पट भाडे भरावे लागे. त्या काळच्या पाकिटांवर हे सारे वाचता येते.

त्याच्या दोन वर्षे आधी, १८५२ साली, सिंध प्रांतात अर्ध्या आण्याचे तिकीट निघाले होते. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. पहिले तिकीट लाल लाखेचे, गोल होते. लाख ठिसूळ. हात लागला की तुकडे पडत. म्हणून मग पांढरे आणि निळे तिकीट कागदावर काढले. ते लाल तिकीट आज फार थोड्या ठिकाणी उरले आहे. पाकिटावर जसेच्या तसे चिकटलेले तर फारच दुर्मिळ.

आणखी एक गोष्ट ऐका. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादेहून नैनीला विमानातून टपाल गेले. आंरी पेके नावाचा फ्रेंच वैमानिक होता. अंतर अवघे सहा मैल. बरोबर सुमारे साडेसहा हजार पत्रे. सरकारी व्यवस्थेने विमानातून टपाल जाण्याची ही जगातली पहिली वेळ. नैनीहून पुढे ती पत्रे नेहमीच्या वाटेने गेली. पण प्रत्येकावर विमानाचे चित्र असलेला खास शिक्का होता. तो शिक्का आहे, म्हणून आज ते पाकीट ओळखता येते.

म्हणून सांगतो, तिकीट कापून काढू नका. तिकीट कापले की शिक्का अर्धा तुटतो. गाव जाते, तारीख जाते. उरतो तो नुसता रंगीत कागद. पाकीट सबंध ठेवा. ओल आणि वाळवी यांपासून जपा. त्यावर डिंक लावू नका. दुसऱ्याचे पाकीट हवे असेल, तर विचारून घ्या. आतले पत्र मात्र ज्याचे त्याला परत द्या.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. कचेरीची नोटीस पाकिटातून आली, तर नोटिशीबरोबर पाकीटही जपून ठेवा. नोटिशीवर एक तारीख असते. ती तुमच्या गावी कोणत्या दिवशी पोचली, ते पाकिटावरच्या शिक्क्यावरून दाखवता येते. मुदतीचा वाद निघाला, तर हा शिक्का तुमच्या बाजूने बोलेल.

आजवर आपली पत्रे दुसरा कोणी वाचून दाखवी. पाकिटाकडे कोण पाही? आता तुम्ही स्वतः वाचता. घरात एखादे जुने पाकीट सापडले, तर मुलांना जवळ घ्या. शिक्क्यावरचे गाव त्यांना वाचून दाखवा. तुमच्या वाडवडिलांना कोणी, कोठून आणि कधी पत्र धाडले होते, ते त्यांना तुमच्याच तोंडून कळू द्या.