लघवीच्या टेस्टवर किती भरवसा ठेवायचा?

आजचा विषय चारचौघांत बोलायला जरा लाजवणारा आहे, म्हणून हेडफोन लावूनच ऐका. विषय आहे लघवी.

गेल्या वर्षी बाबांना लघवीतून रक्त गेलं. दुखलं अजिबात नाही. "उष्णता झाली असेल," म्हणत आईनं धने-जिऱ्याचं पाणी सुरू केलं. दोन दिवसांत रंग साफ झाला आणि आम्ही सगळे विसरलो. मीसुद्धा. तीन महिन्यांनी पुन्हा तेच. तेव्हा कुठे युरॉलॉजिस्टकडे गेलो. लघवीच्या पिशवीचा कॅन्सर निघाला. नशीब, गाठ अस्तरातच होती, दुर्बिणीतून खरवडून काढता आली.

पण हा कॅन्सर परत येण्यात पटाईत. म्हणून ठरावीक महिन्यांनी लघवीच्या वाटेनं कॅमेरा घालून बघतात, त्याला सिस्टोस्कोपी म्हणतात. दुसऱ्या वेळी बाबा वैतागले. "अरे, तू एवढा इंजिनिअर. नुसती लघवी तपासून नाही का कळत?"

प्रश्न रास्त होता. गाठ पिशवीच्या आतल्या बाजूला असते आणि लघवी तिला सतत धूत असते. त्यामुळे गाठीच्या पेशी, प्रथिनं, डीएनएचे तुकडे लघवीत उतरतात. आमच्या भाषेत सांगायचं तर लघवी म्हणजे पिशवीची लॉग फाइल.

ही फाइल वाचायचा प्रयत्न जुना आहे. १९४५ साली पापानिकोलाऊ आणि मार्शल यांनी लघवीतल्या पेशी मायक्रोस्कोपखाली बघून हा कॅन्सर ओळखता येतो, असं मांडलं. तीच सायटॉलॉजी. ती जहाल कॅन्सर चांगला पकडते, मवाळ मात्र निसटतो, कारण त्याच्या पेशी निरोगी पेशींसारख्याच दिसतात. मग बायोमार्कर आले. एनएमपी२२ ही टेस्ट एक प्रथिन मोजते, पण मुतखडा किंवा इन्फेक्शन असेल तरी ती अलार्म वाजवू शकते. युरोव्हिजन पेशींमधल्या ३, ७, १७ आणि ९ नंबरच्या गुणसूत्रांतली गडबड शोधते. काही नव्या टेस्ट टर्ट, एफजीएफआर३ अशा जनुकांमधले बदल बघतात.

मग कॅमेरा कशाला? चला, हिशोब करू. आकडे फक्त उदाहरणासाठी. समजा, लघवीत रक्त दिसलेले १,००० लोक आहेत, त्यातल्या ५० जणांना कॅन्सर आहे. टेस्ट दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक. ती ४५ जणांना पकडेल. निरोगी ९५० पैकी ९५ जणांना उगाच घाबरवेल. आणि कॅन्सर असलेल्या ५ जणांना "सगळं नॉर्मल" सांगून घरी पाठवेल.

ॲपमध्ये असा बग सुटला तर पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त करता येतो. त्या पाचांत बाबा असते तर?

म्हणूनच डॉक्टर या टेस्ट कॅमेऱ्याच्या जोडीला वापरतात. फक्त लघवीच्या रिपोर्टवर सहसा कुणाला सोडून देत नाहीत. हे बाबांना समजावलं, तर म्हणाले, "म्हणजे कॅमेरा काही सुटत नाही!" आणि मुकाट्यानं तारीख घेतली.

बाबांनी पंचवीस वर्षं सिगारेट ओढली. धुरातली विषं रक्तातून मूत्रपिंडात गाळली जातात आणि लघवीसोबत पिशवीत साठून राहतात. या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण हेच.

तेव्हा आज घरी एवढंच सांगा: लघवी एकदा जरी लाल झाली, दुखलं नाही, आपोआप थांबली, तरी डॉक्टरकडे जायचं. आमचे तीन महिने वाया गेले, तुमचे जाऊ देऊ नका.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!